पाहुण्यांना रत्नागिरी दाखवताना: तीन दिवस, एक कबड्डीची रात्र

मुंबई-पुण्याची मंडळी शुक्रवारी संध्याकाळी घरी उतरतात आणि रविवारी रात्री परत निघतात. एवढ्या वेळात त्यांना शहर, किनारा, गणपतीपुळे, माशांचं जेवण आणि एक रंगलेली कबड्डीची रात्र असं सगळं द्यायचं असेल, तर आखणी शेवटच्या गोष्टीपासून उलटी करत यावी. बहुतेक यजमान आधी ठिकाणांची यादी करतात. मग शनिवारी दिवसभर उन्हात फिरवून सगळ्यांना दमवतात आणि रात्री मैदानावर पाहुणे पेंगत बसतात. कबड्डीची रात्र हा या भेटीचा गाभा धरा आणि बाकीचं तिच्याभोवती बसवा.

आधी स्पर्धा, मग तिकीट

कोकणात खुल्या मैदानावरच्या स्पर्धा पाऊस संपला की सुरू होतात. दिवाळीनंतर त्यांना वेग येतो आणि मे महिन्यापर्यंत त्या चालतात. त्यामुळे पाहुण्यांना बोलावण्याआधी गावातल्या मंडळाकडून स्पर्धेचं पत्रक मिळवा आणि त्यात तीन गोष्टी पाहा: सामने मातीवर आहेत की मॅटवर, स्पर्धा बाद पद्धतीची आहे की साखळी, आणि उपांत्य व अंतिम सामने कोणत्या दिवशी आहेत. बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्या दिवशी बरेच सामने एकतर्फी होतात. नवख्या माणसाला उपांत्यपूर्व फेरीपासून पुढचे सामने दाखवावेत. तिथे गुण अटीतटीने मिळतात आणि खेळ लवकर कळतो.

तारीख ठरली की लगेच गाडीचं आरक्षण करायला सांगा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की कोकण रेल्वेच्या जागा पहिल्याच दिवशी भरतात. पावसाळ्यात या मार्गावर वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या सावकाश धावतात. जूनमध्ये येणाऱ्यांनी जुन्या वेळा गृहीत धरू नयेत. स्टेशन कुवारबावला, शहरापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. रात्री उशिराची गाडी असेल तर ओळखीच्या रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा.

फोनवर आणखी दोन प्रश्न विचारून घ्या. कोण शनिवारी, सोमवारी, गुरुवारी किंवा संकष्टीला मासे खात नाही? आणि कोणाला चढ-उतार झेपत नाही? स्वयंपाक आणि किल्ला, दोन्ही या उत्तरांवर ठरतात.

शनिवारची सकाळ: दुपारी बारापर्यंतच

सातच्या आत घरातून निघा आणि रत्नदुर्ग आधी करा. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेला हा किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे: एकीकडे भगवतीचं मंदिर असलेला बालेकिल्ला, एकीकडे दीपगृहाचा डोंगर आणि त्यांना जोडणारी पेठ. गाडी बालेकिल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाते, त्यामुळे वयस्कर माणसांना फक्त पायऱ्या चढाव्या लागतात. तटावरून मिरकरवाडा बंदर आणि होड्यांची रांग दिसते. नऊनंतर जांभा तापायला लागतो आणि सावली कुठेच मिळत नाही. पावसाळ्यात याच जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा गुळगुळीत तळाच्या चपला घालून कोणाला नेऊ नका.

नाश्ता करून दहाच्या सुमारास थिबा राजवाड्यावर जा. तिथे जाण्याआधी पाहुण्यांना थोडी माहिती सांगा, नाहीतर रिकामी दालनं पाहून ते पंधरा मिनिटांत बाहेर येतात. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. म्हणजे स्थानबद्धतेची तीसेक वर्षं त्याने या गावात काढली आणि त्यातली अगदी थोडी या वास्तूत. हे माहीत असलेला माणूस वरच्या मजल्यावर खाडीकडे तोंड करून उभा राहिला की जागचा हलत नाही. आत शासकीय संग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असतं.

उतरताना टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान पाहा. त्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा. घर कौलारू, साधं आणि कोकणी बांधणीचं आहे. लहान मुलांना तिथे फोटोंपेक्षा माजघर आणि पडवी दाखवा. पतितपावन मंदिरही याच फेरीत होतं. सावरकरांच्या प्रयत्नातून आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून उभं राहिलेलं हे मंदिर १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडलं गेलं. बारा वाजता घरी परत. एखादं ठिकाण राहिलं तर राहू द्या.

जेवण: मासे आणि सोलकढी

सहा माणसांना दीड किलो अख्खी सुरमई पुरते. तुकड्या तळायला, डोकं आणि शेपटीकडचा भाग कालवणाला. बाजारात सकाळी लवकर जा. कल्ले लालभडक, डोळे स्वच्छ आणि फुगीर, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येणारा, एवढं पाहिलं की फसवणूक होत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत पाहुण्यांना पापलेटचं आश्वासन देऊ नका. खाडीचे मासे, सुकट, सुका बोंबील, कुळथाची पिठी आणि फणसाची भाजी हे त्या ऋतूचं खरं जेवण आहे आणि बाहेरच्यांना तेच नवं असतं.

सोलकढी घरोघरी होते आणि घरोघरी एकाच कारणाने बिघडते. सहा जणांसाठी पंधरा-सोळा आमसुलं दोन वाट्या कोमट पाण्यात तासभर भिजवा आणि चांगली कोळून गाळा. एका मोठ्या नारळाचं खोबरं, लसणीच्या दोन-तीन पाकळ्या, एक हिरवी मिरची आणि थोडं पाणी घालून वाटा. फडक्यातून पिळून जाड दूध काढा, चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरं दूध काढा. आता आमसुलाचं पाणी थोडं थोडं घालत ढवळा, शेवटी मीठ आणि कोथिंबीर. गॅसवर ठेवू नका. आंबट आणि उष्णता एकत्र आली की नारळाचं दूध फाटतं आणि वर कण दिसतात. फ्रीजमध्येही रात्रभर ठेवू नका, खोबऱ्याची चरबी घट्ट होऊन वर साय धरते. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको.

जेवणानंतर दोन तास सगळ्यांना आडवं होऊ द्या. रात्रीची मजा या दोन तासांवर टिकते.

थिबा पॉइंट, मग मैदान

पाच-सव्वापाचला चहा घेऊन थिबा पॉइंटला जा. तिथून भाट्याची खाडी, पूल आणि समुद्रात बुडणारा सूर्य एकाच नजरेत येतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या थोडा पुढे बुडतो, मेमध्ये सातला. परत येऊन पिठी-भात किंवा आंबोळी असं हलकं जेवण घरीच उरका. मैदानाबाहेर वडापाव, भजी, चहा मिळतोच, पण लहान मुलांचं पोट त्यावर सोडू नका.

पत्रकावर सहा वाजता लिहिलं असेल तर उद्घाटन, सत्कार आणि भाषणं धरून पहिली शिट्टी उशिरा होते. आठच्या पुढे गेलात तरी काही चुकत नाही. सोबत चटई, टॉर्च, पाण्याची बाटली, डास पळवायचं मलम आणि हिवाळ्यात कानटोपी घ्या. उघड्यावर दव पडतं आणि दहानंतर बसायची सतरंजी ओली लागते. ध्वनिवर्धकाच्या कर्ण्यासमोर बसू नका. तान्हं मूल असेल तर मैदानात नेऊच नये.

बसायची जागा हा खरा कळीचा मुद्दा. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. लोक टोकाच्या, अरुंद बाजूला गर्दी करतात कारण तिथे जागा मिळते. पण तिथून फक्त पाठी दिसतात. लांब बाजूला, गुणलेखकाच्या टेबलासमोरच्या अंगाला आणि एका निदान रेषेच्या जवळ बसा. निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर असते आणि बहुतेक झटापट तिच्या आसपास होते. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे त्याच जागेवरून दोन्ही संघांचा बचाव पाहायला मिळतो. पुढच्या खुर्च्या प्रमुख पाहुण्यांच्या असतात, त्या सोडा.

नवख्याला खेळ कसा समजवावा

सगळे नियम एकदम सांगू नका. पहिल्या सामन्याच्या पहिल्या डावात एवढंच सांगा: सात विरुद्ध सात, चढाई करणारा ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोर जातो, ३० सेकंदांत कोणाला तरी शिवून मध्यरेषेपर्यंत परत यायचं. आला तर शिवलेले बाद, अडकला तर तो बाद. कोणाला शिवलं नाही तरी निदान रेषा ओलांडून यावंच लागतं, नाहीतर तोच बाद.

पाच मिनिटांच्या मध्यंतरात पुढचं सांगा. समोरचा एक बाद झाला की आपला एक परत आत येतो, ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने. सगळा संघ बाद झाला की लोण, त्याचे दोन गुण जास्तीचे. सहा किंवा सात बचावपटू असतील तेव्हा निदान रेषेच्या मागे असलेल्या बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवून दुसरा हवेत ठेवला की एक गुण. मात्र त्या गुणाने कोणी जिवंत होत नाही, म्हणजे बाहेरचा परत आत येत नाही, आणि इथेच नवखे गोंधळतात. तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी पकड केली तर ती अव्वल पकड, दोन गुण. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो.

दुसरा हमखास प्रश्न: ‘तो तर रेषेबाहेर गेला, मग बाद कसा नाही?’ दोन्ही कडांना एकेक मीटरची राखीव पट्टी असते, तिला लॉबी म्हणतात. स्पर्श होईपर्यंत ती मैदानाबाहेर धरतात, स्पर्श झाला की मैदानात.

पाहुण्यांची नजर चढाईपटूवर खिळते. त्यांना सांगा, कोपरारक्षकांचे पाय पाहा. चढाईपटू परत वळतो त्या क्षणी कोपऱ्यातला खेळाडू घोट्यावर झेप घेतो आणि शेजारचा मध्यरक्षक वाट अडवतो. त्यांचं टायमिंग जुळलं तर पकड, अर्धा क्षण चुकलं तर दोघंही बाद. हे एकदा दिसायला लागलं की माणूस खेळात गुंतलाच.

अमेरिकेत वाढलेली भाचरं आली असतील तर त्यांना बेसबॉलच्या अंगाने सांगणं सोपं जातं. तिथे सामन्याला वेळेची मर्यादा नसते. नऊ डाव असतात आणि तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. इथे २० मिनिटांचे दोन डाव घड्याळावर चालतात आणि चढाई आलटून पालटून होते. तिथे बाद झालेला फलंदाज आपल्या पाळीला पुन्हा येतो, इथे सोबत्याने गुण आणल्याशिवाय बाहेरचा आत येत नाही. हा फरक कळला की लोणाची धडकी त्यांनाही भरते.

मध्यंतर आणि थांबे धरून एक सामना तासभर घेतो. मुलं सोबत असतील तर दोन सामने पुरेत.

रविवार: आरे-वारे आणि गणपतीपुळे

समुद्राच्या दिवशी आधी भरतीची वेळ काढा. कोकणातला जुना हिशेब आजही ढोबळमानाने चालतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, त्या दिवशी पाण्यापासून लांबच राहा.

आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळे सुमारे २५ किलोमीटर. वळणावर गाडी थांबवून फोटो काढू नका, समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. वरच्या मोकळ्या जागेत थांबा. या दोन्ही किनाऱ्यांवर पोहायला उतरू नये. तळ अचानक खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. पाण्यात गुडघ्यापर्यंतच, मुलाचा हात धरून, आणि पाठ समुद्राकडे न करता.

गणपतीपुळ्याला आठच्या आत पोहोचलात तर दर्शन शांतपणे होतं. डोंगरच देवाचं रूप मानल्यामुळे प्रदक्षिणा डोंगराभोवती घालतात. ही वाट सुमारे एक किलोमीटरची आहे, फरशी उन्हात तापते आणि अनवाणी चालायचं असतं, म्हणून ती दर्शनानंतर लगेच करा. शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. मराठी कविता वाचणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथे अर्धा तास राखून ठेवा.

निघताना

बरोबर द्यायचं ते टिकणारं द्या: आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), फणसपोळी, आंबापोळी, काजू. ताजं खोबरं आणि सोलकढी प्रवासात आंबते. हापूसच्या दिवसांत आंबा तयार नको, थोडा कच्चा द्या, आणि गवतात एका थरात ठेवायला सांगा. कच्चा असताना फ्रीजमध्ये ठेवला की तो पिकत नाही, नुसता सुरकुततो. आगळाची बाटली पिशवीत उभी आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, त्याचा डाग कपड्यावरून निघत नाही. गाडी कुठवर आली ते पाहून घर सोडा, पण सुटायच्या वेळेआधी तासभर घरातून निघालेलंच बरं. रविवारी संध्याकाळी कुवारबावच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.