तालमीच्या अंगणातून सूर्यनिरीक्षण कसे करावे

शाळेबाहेर विज्ञान शिकण्यासाठी कोल्हापूरकरांना फार लांब जावे लागत नाही. अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सव, म्हणजे मावळत्या सूर्याचे किरण थेट देवीच्या मूर्तीवर पडण्याचा सोहळा, नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस का येतो, या एकाच प्रश्नापासून पेठेतील मुलांना व पालकांना एकत्र आणावे.

पश्चिमेचे क्षितिज मोकळे दिसेल अशी गच्ची किंवा रंकाळा तलावाचा काठ निवडावा. दर रविवारी त्याच जागी उभे राहून सूर्य कोणत्या झाडाआड वा इमारतीआड मावळला, याची खूण क्षितिजाच्या रेखाचित्रावर करावी. मात्र सूर्याकडे टक लावून पाहू नये. २२ डिसेंबरच्या सुमारास ही खूण दक्षिणेकडे सरकायची थांबून माघारी फिरते, आणि म्हणूनच नोव्हेंबरातली जागा जानेवारीअखेरीस पुन्हा गाठली जाते, हे कोणी सांगण्याआधीच मुलांना वहीत दिसते.

दुसरा प्रयोग ६ मेच्या सुमाराचा. दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा तालमीच्या अंगणात ओळंबा लावून काठी रोवावी आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने टिंब काढावे. काठी जराशी जरी तिरपी राहिली, तरी सावली नाहीशी होत नाही आणि जमलेली मंडळी हसतात.

सर्व नोंदी तालमीच्या फलकावर लावाव्यात. किरणोत्सवाच्या किरणांच्या वाटेतील अडथळ्यांची चर्चा शहरात निघते, तेव्हा स्वतः नोंदी ठेवलेल्या माणसाचे प्रश्न अधिक नेमके असतात. ढगाळ रविवारचा रकाना रिकामाच ठेवावा. तो अंदाजाने भरू नये.