अणुपाणबुडीची बातमी वहीत कशी उतरवावी

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं चालू घडामोडींच्या वह्या काढतात. ‘भारत दोन अणुपाणबुड्या बांधणार’ एवढं लिहितात आणि पुढच्या बातमीकडे वळतात. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे ती एक ओळ पाहून जीव तुटतो. या विषयाला अख्खं पान द्या.

आधी पाणबुडीची जात लिहा. अणुशक्तीवर चालणं वेगळं, अण्वस्त्रं वाहणं वेगळं. आपली अरिहंत दोन्ही करते. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या दोन पाणबुड्या मात्र एसएसएन, म्हणजे शत्रूची जहाजं आणि पाणबुड्या हुडकून मारणाऱ्या. ऑस्ट्रेलिया अमेरिका आणि ब्रिटनसोबतच्या ऑकस करारातून घेतोय त्याही याच जातीच्या. त्यांच्यावर अण्वस्त्रं नसतील.

मग अणुभट्टी कशाला, हे स्वतःच्या शब्दांत लिहा. मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या पाण्याखाली बॅटरीवर चालतात. बॅटरी उतरत आली की पाणबुडी पृष्ठभागाजवळ येते, एक नळी पाण्याबाहेर काढते, हवा आत ओढते आणि डिझेल इंजिन लावून बॅटरी चार्ज करते. शत्रूला सापडण्याचा धोका तेव्हाच सर्वांत जास्त. अणुभट्टीला हवा लागत नाही. तिच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं, आणि शिधा पुरेल तितके दिवस पाणबुडी खाली राहू शकते.

सगळ्यात जपून लिहायचं ते हे, की पाणबुडीचं काम कुठल्या पायरीवर आलंय. वर्तमानपत्रात मंजुरीलाही मोठा मथळा असतो आणि जलावतरणालाही, म्हणून पोरं गोंधळतात. अरिहंतच्या तारखा एकाखाली एक मांडा: जलावतरण २६ जुलै २००९, अणुभट्टी सुरू झाली ऑगस्ट २०१३, सागरी चाचण्या डिसेंबर २०१४, नौदलात दाखल ऑगस्ट २०१६. पाण्यात उतरल्यावरही सात वर्षं गेली! त्याच वर्गातली दुसरी, अरिघात, २९ ऑगस्ट २०२४ ला दाखल झाली. त्या दोन एसएसएनपुढे मात्र ‘मंजुरी’ एवढंच लिहा. नौदलप्रमुख अॅडमिरल दिनेश त्रिपाठी यांनी डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं, की पहिली २०३६-३७ पर्यंत मिळेल आणि दुसरी त्यानंतर दोन वर्षांनी.

अरिहंत जिथे बांधली ते विशाखापट्टणम तिच्यापुढे लिहाल, तेव्हा समासात वालचंद हिराचंद हे नावही टिपा. आपल्या सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. १९४१ मध्ये त्यांनी त्याच शहरात जहाजबांधणीच्या कारखान्याचा पाया घातला. हे प्रश्नपत्रिकेत येवो न येवो, आपल्या पोरांना ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

माणसांसाठीही चार ओळी राखून ठेवा. भारताने ‘चक्र’ नावाची अणुपाणबुडी दोनदा भाड्याने आणली, १९८८ मध्ये सोव्हिएत संघाकडून आणि २०१२ मध्ये रशियाकडून. भट्टीशेजारी राहून ती चालवायची सवय आपल्या नौसैनिकांना तिच्यावर झाली. ऑस्ट्रेलियाचे अधिकारी आता त्यासाठीच अमेरिकेत शिकताहेत.

शेवटी पैसे. ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये ऑकसच्या पाणबुड्यांसाठी २६८ ते ३६८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर असा खर्च सांगितला. आकड्याशेजारी मुदत लिहिलीच पाहिजे: २०५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत. त्यात गोद्या आणि प्रशिक्षणही आलं. तेव्हा पाणबुड्यांच्या संख्येने त्याला भागून एकीची किंमत काढू नका.