डेस्कटॉप ॲपमध्ये ब्राउझर बसवायचाय? आधी गिऱ्हाइकाचं मशीन बघा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देणं हा माझा धंदा. प्रोग्राम सी-शार्पमधला, पण बिलाचा प्रिव्ह्यू आणि रिपोर्ट एचटीएमएलमध्ये. म्हणजे खिडकीत ब्राउझर बसवणं आलंच. इंटर्नशिपला येणारी मुलं हमखास विचारतात, "सर, सगळ्यात फास्ट कुठला?" मी उलट विचारतो, अकाउंटंटसमोरचा पीसी कुठला आहे? रॅम किती, विंडोज कुठलं, नेट आहे का?

विंडोज फॉर्म्समधल्या जुन्या वेबब्राउझर कंट्रोलच्या नादी लागू नका. टूलबॉक्समधून ओढला की लगेच चालतो, म्हणून नवखे भुलतात. आत इंजिन इंटरनेट एक्सप्लोररचं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) वेगळं सांगितलं नाही तर तो सातव्या आवृत्तीसारखा वागतो आणि आजच्या सीएसएसचा चुराडा करतो. त्या ब्राउझरला मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 ला निरोपही दिलाय.

मग खरी निवड दोघांत: वेबव्ह्यू2 (मायक्रोसॉफ्टचा, एज ब्राउझरच्या इंजिनावर चालणारा कंट्रोल) किंवा सीईएफ (क्रोमियम एम्बेडेड फ्रेमवर्क; सी-शार्पसारख्या डॉटनेटवाल्यांसाठी त्याचंच रूप सेफशार्प). दोन्हींच्या पोटात क्रोमियमच (क्रोम ज्यावर उभा आहे तो ओपन-सोर्स ब्राउझर), त्यामुळे पान सारखंच दिसतं. प्रश्न अपडेट कोण करणार हा. सीईएफ तुमच्या सेटअपबरोबर जातं, सेटअप चांगलाच फुगतो आणि सुरक्षेची दुरुस्ती आली की नवा बिल्ड प्रत्येक कारखान्यात तुम्हीच पोचवायचा. बदल्यात आवृत्ती तुमच्या हातात राहते. वेबव्ह्यू2 चं एव्हरग्रीन रनटाइम (मशीनवर एकदाच बसणारं, सगळ्या ॲप्सनी वापरायचं इंजिन) आपोआप अपडेट होतं आणि विंडोज 11 मध्ये आधीपासून असतं. दोन माणसांची टीम असेल तर मी डोळे झाकून हेच घेईन. विंडोज 7 वाल्यांना मात्र दोन्हीकडे 109 व्या आवृत्तीवरच थांबावं लागतं, कारण क्रोमियमनेच पुढे साथ सोडली. तिथे मालकाला नवा पीसी घ्यायला लावणं हाही कामाचाच भाग!

वेबव्ह्यू2 मधली एक जागा नीट बघून ठेवा. तो आपला डेटा फोल्डर मुळात एक्झी फाइलशेजारीच करू बघतो. व्हिज्युअल स्टुडिओतून चालवलं की सगळं छान. पण सेटअपने प्रोग्राम फाइल्समध्ये बसवलं की साध्या युजरला तिथे लिहायची परवानगी नसते. कंट्रोल सुरूच होत नाही आणि एरर नीट पकडली नसेल तर नुसती कोरी खिडकी दिसते. म्हणून कोडमध्ये वेबव्ह्यू2 चं एन्व्हायर्नमेंट तयार करतानाच डेटा फोल्डरसाठी लोकल ॲपडेटामधला (युजरच्या स्वतःच्या, लिहायला मोकळ्या फोल्डरमधला) पाथ द्या.

इलेक्ट्रॉनचंही विचारतात. तो आपल्या खिडकीत बसवायचा कंपोनंट नव्हे, अख्खं ॲपच त्यावर उभं राहतं. अख्खं ॲप जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहायची तयारी असेल तरच. क्यूटीमध्ये (सी++ मधून खिडक्या बनवायची लायब्ररी) काम करत असाल तर क्यूटी वेबइंजिन, जावात जेसीईएफ (सीईएफचंच जावा रूप).

माझ्याकडे इंटर्नशिपला आल्यावर पहिलं काम हे: व्हर्च्युअल मशीनवर कोरं विंडोज 10 टाका, ॲडमिन नसलेला युजर करा, नेट बंद ठेवा आणि सेटअपपासून बिलाची पीडीएफ निघेपर्यंत सगळं चालवून दाखवा.