मित्राची यादी उतरवू नका: ऑप्शन फॉर्म भरणाऱ्यांसाठी

साताऱ्यात माझं झेरॉक्स आणि नेट कॅफेचं दुकान आहे. इंजिनिअरिंगच्या कॅपचे (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे) ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीच्या क्रमानं कॉलेजांची यादी, भरायला पोरं घोळक्यानं येतात आणि एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकावत कॉलेजं टाकतात. घोळ तिथंच होतो.

एका वर्षी एकाच वर्गातली मुलगी आणि मुलगा आले. पर्सेंटाइल जवळपास सारखे. त्यानं तिची यादी जशीच्या तशी उतरवली. तिला चांगलं कॉलेज लागलं, याच्या हाती पहिल्या फेरीत काहीच नाही. तिनं कटऑफ, म्हणजे किती पर्सेंटाइलला जागा संपली तो आकडा, 'एलओपन'च्या रकान्यात बघितला होता. तो रकाना मुलींचा!

म्हणून कटऑफची पीडीएफ उघडली की आधी आपला रकाना शोधा. रकान्याच्या नावात सुरुवातीला 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींच्या जागा. शेवटी 'एच' म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतली मुलं, 'ओ' म्हणजे बाहेरची, 'एस' म्हणजे राज्यपातळी. आपण शिवाजी विद्यापीठाचे. पुण्यातल्या खाजगी कॉलेजांत सहसा 'ओ' बघायचा.

आता क्रम. एखादं कॉलेज पहिलं टाकलं म्हणून ते लवकर मिळत नाही. जागा मेरिटनं जाते. तुमच्या वरच्या पोरानं तेच विसाव्या नंबरला टाकलं असलं तरी आधी हक्क त्याचा. तेव्हा मनात जसं आहे तसंच लिहा. वर्गातला हुशार काय टाकतोय, हे वडील मला हळूच विचारतात. मी सांगत नाही.

पण वरचे सहा पर्याय दहादा तपासा. 2025 च्या नियमानं पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला, दुसरीत पहिल्या तीनांतला किंवा तिसरीत पहिल्या सहांतला, तर जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की. मग पुढच्या फेरीचं दार बंद. 'बघू नंतर' म्हणून टाकलेलं कॉलेज गळ्यात पडतं.

घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क माफीच्या जागांसाठी वेगळा चॉइस कोड (फॉर्ममध्ये टाकायचा कॉलेज-शाखेचा नंबर) असतो, शेवटी 'टी' असलेला. तो स्वतंत्र पर्याय म्हणून टाकावा लागतो. हा हमखास राहतो.

शेवटी कन्फर्म करा. नुसतं सेव्ह केलेला फॉर्म धरत नाहीत. प्रिंटच्या दोन प्रती काढा आणि एक आईकडे द्या. पोरांच्या खिशातला कागद जुलैच्या पावसात टिकत नाही.