मोजणीच्या वहीतून जुनं जंगल कसं उभं करायचं

अमेरिकेत 1785 च्या कायद्याने सरकारी जमिनीची चौकटी मोजणी सुरू झाली. दर अर्ध्या मैलावर खुंट रोवायचा आणि आसपासच्या दोन ते चार झाडांची साल तासून खूण करायची. मग झाडाची जात, जाडी, दिशा आणि खुंटापासूनचं अंतर वहीत टिपायचं. याच नोंदींवरून तेव्हाचं जंगल कसं होतं, याचा अंदाज आज बांधता येतो. उद्या खुंट कुजला तर हद्द कुठे शोधायची, एवढीच मोजणीदाराची काळजी. जंगलाशी त्याला घेणं-देणं नव्हतं, हे शेवटपर्यंत ध्यानात ठेवा.

आधी मूळ वह्या मिळवा. काही ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अमेरिकी खात्याच्या, संकेतस्थळावर आहेत. नुसत्या नकाशावर भागत नाही. समजा, नोंद आहे: ‘पांढरा ओक, 14, उ 32 पू, 50’. म्हणजे 14 इंच जाडीचं झाड, उत्तरेकडून पूर्वेला 32 अंशांवर, 50 कड्या दूर. मोजणीच्या 66 फुटी साखळीच्या 100 कड्या, म्हणून एक कडी साधारण 20 सेंमी.

नावं आहेत तशीच उतरवा, अर्थ नंतर लावा. ‘लिन’ म्हणजे बासवुड नावाचं झाड हे कळतं; पण ‘आयर्नवुड’ दोन वेगळ्या झाडांना म्हणत. तिथे ओढूनताणून जात ठरवू नका.

आता दाटी. खुंटाभोवतीच्या चारही चतकोरांत एकेक झाड नोंदलेलं असेल, तर सरासरी अंतराचा वर्ग म्हणजे एका झाडाच्या वाट्याची जागा. सरासरी 50 कड्या, म्हणजे 10 मीटर निघाली, तर झाडामागे 100 चौरस मीटर आणि हेक्टरी सुमारे 100 झाडं. दोनच झाडं असतील तर हे सूत्र जसंच्या तसं चालत नाही. आणि एका खुंटावरून काहीच ठरवू नका. निदान शेकडो खुंट हवेत.

खरी मेख मोजणीदाराच्या आवडीनिवडीत आहे. खूण कोरायला सोपं, मध्यम जाडीचं झाड दिसलं की जवळचं सोडून तो तिकडे वळे. म्हणून प्रत्येक जातीचं सरासरी अंतर वेगळं काढा. मिसळून वाढणाऱ्या झाडांत एकच जात सतत लांबून निवडलेली दिसली, तर तिची संख्या फुगलेली समजा. शिवाय मजुरी मैलावर मिळे, त्यामुळे तंबूत बसून वह्या भरणारेही निघाले. मिशिगनमध्ये काही भाग त्यापायी पुन्हा मोजावे लागले.

झाडाचं नावच नाही अशी ओळ रिकामी समजून गाळू नका. गवताळ माळावर झाड न मिळाल्याने तिथे मातीचा ढीग रचलेला असे, आणि वहीत तसं लिहिलेलं असतं.