नॅनोपदार्थांच्या नियमनात नवे आहात? आधी मोजमाप शिका

रसायन, रंग किंवा सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत ‘रेग्युलेटरी’ विभागात रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात कायद्यांचे गठ्ठे हातात पडतात. नॅनोपदार्थांच्या (अतिसूक्ष्म कणांच्या पदार्थांच्या) बाबतीत हा क्रम उलटा करावा, असं आमचं ठाम मत आहे. देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत आणि लवकर एक होतील अशी चिन्हं नाहीत. सरकारांचं बऱ्यापैकी एकमत झालंय ते मोजायचं कसं, यावर.

या एकमताचा पाया म्हणजे ओईसीडीचा (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेचा) १९८१ सालचा निर्णय. ओईसीडीच्या चाचणी-मार्गदर्शिकेनुसार आणि जीएलपी (प्रयोगशाळेतल्या चांगल्या कार्यपद्धतीचे नियम) पाळून एका देशात झालेली चाचणी दुसऱ्या देशाने पुन्हा करायला लावायची नाही. भारत ओईसीडीचा सदस्य नसला तरी २०११पासून या व्यवस्थेत पूर्णपणे सामील आहे, म्हणून महाराष्ट्रातल्या जीएलपी प्रयोगशाळेचा अहवाल युरोपातही चालतो. मात्र मान्य होते ती चाचणीतली माहिती. तिच्यावरून पदार्थ धोकादायक ठरवायचा की नाही, हे प्रत्येक देश स्वतः पाहतो. चाचणी देण्याआधी प्रयोगशाळेच्या जीएलपी प्रमाणपत्रावर तुमचा चाचणीप्रकार नमूद आहे का, हे तपासा. विषारीपणाची चाचणी जीएलपीत आणि कणांचं मोजमाप एखाद्या विद्यापीठात, असं बऱ्याचदा होतं. तसं असेल तर ते अहवालात स्पष्ट लिहिलेलं असावं.

ओईसीडीने नॅनोपदार्थांसाठी स्वतंत्र कार्यगट २००६मध्ये नेमला. पुढच्या वर्षापासून चांदी, टायटॅनियम डायऑक्साइड, कार्बन नॅनोट्यूब असे निवडक पदार्थ सदस्य देशांनी तपासायला वाटून घेतले. त्यातून दिसलं की जुन्या चाचण्या बहुतांशी चालतात. अडतं ते नमुना तयार करण्यात आणि मात्रा ठरवण्यात.

आता व्याख्या. युरोपियन युनियनच्या शिफारशीनुसार संख्येने ५० टक्के किंवा जास्त कण १ ते १०० नॅनोमीटरमध्ये असले, की तो नॅनोपदार्थ. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा २०१७चा माहिती-नोंदणीचा नियम वजन पाहतो: या आकाराचे कण वजनाने १ टक्क्याहून कमी असतील, तर नोंदणी नको. समजा, एका पावडरीत १० नॅनोमीटरचे आणि १ मायक्रॉनचे (१,००० नॅनोमीटर) कण संख्येने निम्मे-निम्मे आहेत. मोठ्या एका कणाचं वजन लहान दहा लाख कणांइतकं भरतं. म्हणजे तीच पावडर युरोपात नॅनो आणि अमेरिकेच्या त्या नियमातून बाहेर! म्हणून अहवालात टक्केवारी संख्येची की वजनाची, हे न लिहिणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

दुसरी चूक फक्त डीएलएसवर, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणाऱ्या पद्धतीवर, विसंबण्याची. यंत्र स्वस्त आणि झटपट, पण १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या सुमारे दहा लाख कणांइतका प्रकाश विखुरतो. लहान कण आकड्यांत दिसतच नाहीत. शिवाय युरोपची व्याख्या गुठळीतले सुटे कणही मोजते, आणि डीएलएस अख्खी गुठळी एक कण धरतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची जोड हवीच.

सरावासाठी ओईसीडीची २०१७ची मार्गदर्शिका क्रमांक ३१८ घ्या. कण पाण्यात किती टिकून राहतात, हे ती सहा तासांत तपासते: कॅल्शियम नायट्रेट ०, १ आणि १० मिलिमोलर, सामू ४, ७ आणि ९, सोबत नैसर्गिक सेंद्रिय द्रव्य. शेवटी ९० टक्के किंवा अधिक कण तरंगत राहिले तर स्थिर, १० टक्के किंवा कमी उरले तर अस्थिर. इथे घोळ होतो सोनिकेटरमुळे, म्हणजे ध्वनिलहरींनी कण पाण्यात सुटे करणाऱ्या यंत्रामुळे. यंत्रावर दिसणारे वॅट आणि द्रवात खरोखर पोचणारी ऊर्जा यांत बराच फरक असतो. ठरावीक पाणी किती तापतं, यावरून ती मोजून प्रति मिलिलिटर ज्यूलमध्ये नोंदवा. सोनिकेटरच्या प्रोबचं (द्रवात बुडवायच्या दांडीचं) टोक टायटॅनियमच्या मिश्रधातूचं असतं आणि झिजतं. टायटॅनियम डायऑक्साइडच्या नमुन्यात ती झीज मिसळली की पुढचे आकडे फुगतात.

पेशी जिवंत आहेत का, हे रंगावरून पाहणाऱ्या एमटीटी चाचणीत कार्बन नॅनोट्यूब रंगद्रव्यच धरून ठेवतात आणि जिवंत पेशी मेलेल्या वाटतात. पेशींशिवायचा कंट्रोल (तुलनेचा नमुना) ठेवाच.

एवढं हातात आल्यावर कायदे वाचा. फ्रान्समध्ये वर्षाला १०० ग्रॅमपासून नोंदणी लागते. युरोपात सौंदर्यप्रसाधनातल्या नॅनोघटकाची सूचना साधारणपणे बाजारात आणण्याआधी सहा महिने द्यावी लागते. रीच या युरोपच्या रसायन-कायद्याखाली २०२०पासून आकार, रूप आणि पृष्ठभागावरचा लेप यांनुसार नॅनोरूपांची माहिती वेगळी द्यावी लागते. लेप बदलला की फाइल पुन्हा उघडावी लागते.

या कामात आवाज उठवायचा असेल, तर जागा आहे भारतीय मानक ब्युरोची नॅनोतंत्रज्ञान समिती. आयएसओचे (आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे) मसुदे तिथे अभिप्रायासाठी येतात. हरकत नोंदवताना कलम, ती तांत्रिक आहे की संपादकीय, आणि बदललेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. नुसतं ‘हे अस्पष्ट आहे’ लिहिलेली हरकत सहसा बाजूला पडते. स्वतःच्या प्रयोगशाळेतले आकडे जोडले, तर तिच्यावर चर्चा होते.