या चुका टाळा : कोकणात राहून फ्लॅगशिप फोन घेताय तर

गेल्या वर्षी आंब्याचे पैसे हातात आले तसा देवगडच्या माझ्या मामेभावाचा फोन, "सॅमसंगचो एस२५ अल्ट्रा की आयफोन १६ प्रो मॅक्स, खयचो घेव ता लवकर सांग." पंधरा-वीस व्हिडिओ बघून झाले होते त्याचे, प्रोसेसर, मेगापिक्सेल, सगळं तोंडपाठ. मी त्याला एकच विचारलं, तुझ्या माजघरात आत्ता कुठल्या सिमला रेंज येते? तर म्हणाला जिओ पडवीत येते, बीएसएनएल खिडकीकडे गेलं की, माजघरात काहीच नाही. म्हटलं मग थांब, गणपतीपर्यंत काही घेऊ नको.

कारण असं की व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, मॅप, फोटो या रोजच्या कामात वरच्या किमतीतला, म्हणजे फ्लॅगशिप, कुठलाच फोन तुम्हाला अडवणार नाही, तिथे ते सगळे एकमेकांच्या अगदी जवळ आलेत. फरक पडतो तो तुम्ही फोन कुठे वापरता त्याने, आणि समुद्राकाठी राहणाऱ्याच्या चुका पुण्या-मुंबईवाल्यांपेक्षा वेगळ्या असतात. त्यातली सगळ्यात महागाची मी स्वतः केलीय, तिच्यापासूनच सुरू करतो.

आयपी६८ आहे म्हणजे समुद्रात चालतो

कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभा राहून भाचीचा व्हिडिओ काढत होतो, लाट आली, फोन हातातून निसटला, दोन सेकंदात उचललासुद्धा. चालू होता, आवाज नीट, कॅमेरा नीट. टॉवेलने पुसला, खिशात टाकला, विसरलो. रात्री चार्जिंगला लावला तर पिनमध्ये ओलावा आहे अशी सूचना आली, दोन-तीनदा केबल काढून घातली, मग सूचना यायची बंद झाली तसा रात्रभर लावून ठेवला. आठ-दहा दिवसांनी केबल एका बाजूनेच चार्ज करायला लागली, उलटी घातली की काही नाही. टॉर्च मारून बघितलं तर पोर्टच्या आत जी बारीक जीभ असते तिच्यावर हिरवट थर, आणि कडेच्या दोन पिना काळ्या पडलेल्या. आंबा घाट चढून कोल्हापूरला सर्व्हिस सेंटर गाठलं, त्यांनी उघडून बघितलं आणि लिक्विड डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. पैसे भरून पोर्ट बदलला, आणि ते भरताना मला खरंच वाईट वाटलं कारण फोन समुद्रात मेला नव्हता, तो मी घरी आणून मारला होता.

आयपी६८ म्हणजे फोन धूळ-पाणी किती अडवतो त्याचा दर्जा, त्याची चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात असते. सॅमसंग दीड मीटर खोली आणि ३० मिनिटं सांगतं, ॲपल प्रो मॉडेलला ६ मीटर आणि ३० मिनिटं, पण खारं पाणी दोघांच्याही हिशोबात नाही आणि पाण्याने झालेलं नुकसान नेहमीच्या वॉरंटीत कुणीच धरत नाही. त्यामुळे ६ मीटर विरुद्ध दीड मीटर ही तुलना किनाऱ्यावर राहणाऱ्याच्या काही कामाची नाही. वनप्लस १३ ला आयपी६९ पण आहे, ते जोराच्या गरम पाण्याच्या फवाऱ्यासाठी, खाऱ्या पाण्याला ते पण नाही. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, ओल्या पोर्टात करंट गेला की पिनांवरचा मुलामा खाल्ला जातो. म्हणून खरं नुकसान चार्जर लावल्यावर होतं.

तर फोन खाऱ्या पाण्यात पडला की आधी बंद करा, कव्हर काढा, आणि हे लोकांना पटत नाही पण नळाच्या गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली हलक्या हाताने धुवा, म्हणजे मीठ निघून जाईल. मात्र फोनची काच किंवा मागचं पॅनेल फुटलेलं असेल, किंवा डिस्प्ले एकदा बदललेला असेल तर धुवू नका, कारण उघडलेल्या फोनचं सील पहिल्यासारखं राहिलं असेल असं धरून चालता येत नाही. मग पिनचं तोंड खाली करून तळहातावर हळू आपटा, पंख्याखाली उभा ठेवा. ॲपल सांगतं अर्ध्या तासाने बघा, पूर्ण सुकायला २४ तास लागू शकतात, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत मी तर पूर्ण दिवसच धरतो. घाई असेल तर पाठ पुसून वायरलेस चार्जिंग करा, त्याला पिन लागत नाही. माझी आत्या लगेच म्हणाली होती "तांदळात घाल, सुकतलो", पण तांदळाचे बारीक कण आणि पीठ पोर्टात जातं, ॲपलने तर स्पष्ट नको म्हटलंय. हेअर ड्रायर नको, पिनमध्ये कापूस किंवा काडी नको. आणि ओलावा आहे म्हणून सांगणारी सूचना बंद करता येते, ती बंद करू नका.

सिम आणि रेंज शेवटी बघणं

इथे बरेच जण दोन सिम वापरतात, एक जिओ नाहीतर एअरटेल आणि एक बीएसएनएल, कारण एका गावात एक चालतं आणि खाडीपलीकडे दुसरं. इंडियातल्या आयफोन १६ ला खरं सिम एकच बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं, गूगलच्या पिक्सेल ९ चं पण तसंच. एस२५ अल्ट्रा आणि वनप्लस १३ मध्ये दोन्ही खरी सिम बसतात. तुमच्या दुसऱ्या कंपनीचं ई-सिम तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी मिळतं का हे फोन घ्यायच्या आधी विचारा, नंतर नाही.

बाहेरून आणलेल्या फोनचं तर जास्तच. आपल्याकडे घरटी कोणीतरी आखातात असतं आणि येताना फोन आणतं. अमेरिकेतल्या आयफोनला १४ पासून सिमचा ट्रे नाहीच, आणि आयफोन १७ पासून दुबई, कतार, कुवेत, ओमान, सौदी इथल्या मॉडेललाही नाही. दोन खरी सिम घालणाऱ्याने तो फोन घेऊन काय करायचं? तसंच परदेशी व्हिडिओ बघून ठरवतानाही जपा, सॅमसंगचा एस२४ अमेरिकेत स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा होता, इंडियात तो आणि एस२४ प्लस एक्झिनॉस प्रोसेसरचे आले, फक्त अल्ट्रा स्नॅपड्रॅगनचा. एस२५ ला हा घोळ राहिला नाही.

आणि आता गणपती का म्हटलं ते. गणपतीला चाकरमानी घरी येतात तेव्हा एका घरात सहा-सात वेगवेगळे फोन असतात, याच्यापेक्षा चांगलं तुलनेचं दुकान मला माहीत नाही. आपलं सिम काढायचं, काकाच्या फोनमध्ये घालायचं आणि माजघरात, बागेत, मांगरात फिरून कॉल लावायचा. मामेभावाने तसंच केलं, दोन दिवस, तीन फोनांत. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतीत तीनही अडखळले, त्यातल्या त्यात एकाने कॉल धरून ठेवला. पण खरा उपाय निघाला तो सेटिंगमध्ये, घरात वायफाय होतं आणि वायफाय कॉलिंग कुणी चालूच केलं नव्हतं. जिओ-एअरटेलला ते चालतं. माजघराचा प्रश्न तिथेच सुटला, सव्वा लाखाचा फोन न घेता.

आरतीचा व्हिडिओ दुकानातल्या फोटोवरून ठरवणं

दुकानातल्या उजेडात सगळ्यांचे फोटो सुंदर येतात. त्याच गणपतीत आरतीचा व्हिडिओ काढा, समईचा उजेड, वर एलईडीच्या माळा, हलणारी माणसं, टाळ-झांजांचा आवाज, यात फोन उघडा पडतो. हलत्या माणसांचा व्हिडिओ आमच्या घरी आयफोनवर जास्त नीट आला, दशावतारातही मला तोच अनुभव. झूम मात्र अल्ट्राचा, मागच्या रांगेतून राजाचा मुकुट दिसेल असा.

व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसले तर कॅमेरा खराब आहे असं समजून फोन नापास करू नका. आपली लाईट ५० हर्ट्झची, काही एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि फोन सेकंदाला ३० फ्रेमवर असतो, म्हणून दोघांचा मेळ बसत नाही. आयफोनमध्ये सेटिंग, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे जाऊन पाल फॉरमॅट चालू करा आणि २५ फ्रेमवर काढा. सॅमसंगला प्रो व्हिडिओत शटर १/५० सेकंद ठेवा. अजून एक, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवून तुलना करू नका, ते दाबून पाठवतं, एचडी निवडलं तरी थोडं. २०० मेगापिक्सेलचा फोटो तसा पाठवून "काय खास नाय" म्हणणं त्या फोनवर अन्याय आहे.

बॅटरीचा आकडा आणि गेलेली लाईट

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत कितीतरी गावं खूप दिवस अंधारात होती, पुढच्या मे मध्ये तौक्ते. त्यामुळे बॅटरी आपल्याला चैनीची गोष्ट नाही. वनप्लस १३ ला ६००० एमएएच, एस२५ अल्ट्राला ५०००, पण कमजोर रेंजमध्ये फोन टॉवर शोधत जास्त ताकद लावतो आणि हा फरक तिथेच संपतो. जिथे ५जी एक-दोन काडीच येतं तिथे सेटिंगमधून ४जी वर ठेवा. कोकण रेल्वेत बोगदे लागले की एअरप्लेन मोड, एकटा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे.

चार्जर बघायला पण लोक विसरतात. सॅमसंग, ॲपल, पिक्सेल बॉक्समध्ये चार्जर देत नाहीत, वनप्लस देतं. अल्ट्राचं ४५ वॉट मिळायला पीपीएसवाला, म्हणजे फोनला लागेल तसं व्होल्टेज बदलणारा चार्जर आणि ५ अँपिअरची केबल दोन्ही लागतं, घरातला जुना लावून "स्लो आहे" म्हणू नका. विजा चमकायला लागल्या की चार्जर भिंतीतूनच काढा.

मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर मॅप लावून चार्जिंग चालू ठेवलं तर फोन तापतो, चार्जिंग थांबतं, स्क्रीन मंद होते, हे फोन स्वतःला वाचवत असतो. एसीच्या जाळीसमोर स्टँड लावा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं.

किंमत आजची बघणं, वर्षांची नाही

एस२५ अल्ट्रा आला तेव्हा १,२९,९९९, आयफोन १६ प्रो मॅक्स १,४४,९००, वनप्लस १३ ६९,९९९. अल्ट्राला ७ वर्षं अपडेट, म्हणजे वर्षाला साधारण १८,६०० रुपये. वनप्लसला ४ वर्षं अँड्रॉइड आणि ६ वर्षं सिक्युरिटी, सहाने भागलं तर ११,७०० च्या आत. तीन वर्षांत फोन बदलणार असाल तर सात वर्षांचे पैसे देऊ नका. आणि ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही, सेलमध्ये जुनं मॉडेल घेताना हे धरा. सप्टेंबरला नवीन आयफोन आला की आधीचा उतरतो, १७ आला तेव्हा १६ ची किंमत ७९,९०० वरून ६९,९०० झाली. नो कॉस्ट हप्त्यात व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी लागते, ती ऑफरमधून वजा करून बघा.

सर्व्हिस सेंटर किती लांब हे पण किमतीतच धरा. कोल्हापूरला दोन खेपा म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. जुना घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर काढा आणि केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा, चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं.

मामेभावाने शेवटी ना एस२५ घेतला ना आयफोन. एस२४ अल्ट्रा घेतला, गणपतीनंतरच्या सेलमध्ये. दोन सिम बसतात, अपडेट २०३१ पर्यंत, आणि काच चकाकत नसल्याने खळ्यात उन्हात पेट्या भरताना ऑर्डर वाचता येतात. दुकानदार साधा स्क्रीन गार्ड लावत होता तो त्याने लावू दिला नाही, कारण त्याने ती चकाकी परत येते आणि जाड काचेवर बोटाचा ठसाही नीट लागत नाही. सोबत एक वायरलेस चार्जर घेतला, पोर्ट ओला असेल त्या रात्रीसाठी.